मिटवणं आणि सोडवणं

नवरा-बायकोच्या समुपदेशनाबद्दल अलीकडे उघडपणे बोललं जातं, ही चांगली गोष्ट आहे. पण जे बोललं जातं ते इतकं वरवरचं असतं की ऐकताना जीव कासावीस होतो. मध्यंतरी एका परिसंवादाला गेले होते. श्रोत्यांतून एका तरुण मुलीनं विचारलं, "आम्हा दोघांना कुणाकडे तरी जायचंय. फी परवडली पाहिजे आणि माणूस शिकलेला हवा. कसा शोधायचा?" प्रश्न सरळ होता आणि गरजेतून आला होता. व्यासपीठावरून उत्तर आलं : पदवी बघा, ओळखीतल्यांना विचारा, पहिल्या भेटीत मोकळं वाटतंय का ते बघा. मुलगी खाली बसली. मग पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ गृहस्थ उठले आणि म्हणाले, "आमच्या वेळी याची गरजच पडली नाही. घरात वडीलधारी माणसं होती. एका चहात भांडण मिटायचं, आणि फी शून्य." त्यावर सभागृहात टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या मला अजून सलतात. गेली 22 वर्षं मी एका मदतकेंद्रात आठवड्यातले दोन दिवस बसते. तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जोडप्याच्या घरात वडीलधारी माणसं असतात. एका चहात भांडण मिटवूनही झालेलं असतं, बहुतेकदा तीन-चार वेळा. त्यानंतरच ती दोघं आमच्या बाकावर येऊन बसतात.

समुपदेशनाविरुद्धचे बाकीचे आक्षेप मला फारसे अडवत नाहीत. समुपदेशक घरं फोडतात असं म्हणणाऱ्यांनी त्या घरांना आधीच गेलेले तडे पाहिलेले नसतात. हे श्रीमंतांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी आमच्या बाकावर कधीतरी एक दुपार काढावी. मोबाइलवरचा सल्ला पुरतो असं मानणाऱ्यांना एवढंच सांगते की दोघं खुर्च्या किती लांब ओढून बसली आहेत, हे मोबाइलला दिसत नाही. पण वडीलधाऱ्यांचा मुद्दा असा एका वाक्यात सोडून देता येत नाही. तो आपल्या मनात खोल रुजलेला आहे, त्यात थोडं तथ्य आहे, आणि योग्य समुपदेशक निवडताना आपली फसगत होते ती याच मुद्द्यामुळे. आपण पदव्या बघत फिरतो, पण मनातून शोधत असतो तो थोरला काकाच.

म्हणून थोरल्या काकांबद्दलच सांगते. 1978 सालचा उन्हाळा. साताऱ्याकडच्या आमच्या गावी आत्या माहेरी येऊन राहिली होती आणि पंधरवडा उलटला तरी परत जायचं नाव काढत नव्हती. एके दिवशी आतोबा तिला न्यायला आले. सोप्यात घोंगडी अंथरली गेली. मधे काका, एका अंगाला आतोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, दुसऱ्या अंगाला माझे वडील. आत्या माजघराच्या उंबऱ्याशी उभी, निम्मी दाराआड. मी नऊ वर्षांची, तिच्या पदराला धरून. आतोबा बराच वेळ बोलले, त्यांचे भाऊ बोलले, वडीलही बोलले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आतोबांना दोन शब्द सुनावलेसुद्धा, तेही त्यांच्या भावासमोर. मग दाराकडे मान वळवून म्हणाले, "बाय, तुझं काय म्हननं हाय?" आत्या म्हणाली, "माझं काय म्हननं न्हाई, दादा." काका म्हणाले, "मग झालं. झालं गेलं गंगेला मिळालं." कपातला उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि ते उठले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आत्या गेली.

आमच्या घराण्यात ही गोष्ट काकांच्या शहाणपणाचा दाखला म्हणून पुढे कितीतरी वर्षं सांगितली गेली. त्या दोघांत पुन्हा कधी भांडण झालं नाही, असं तिचं शेवटचं वाक्य असायचं. ते खरंही होतं. आत्या त्यानंतर 31 वर्षं नांदली आणि त्या घरात तिनं कशाबद्दलच तोंड उघडलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिला विचारलं, त्या दिवशी तुला काय म्हणायचं होतं? ती बराच वेळ आठवत राहिली. म्हणाली, "आता न्हाई आठवत गं. पर लई होतं."

काका वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. आमच्या पंचक्रोशीत त्यांच्याइतका न्यायी माणूस नव्हता. ते कुणाचा पैसा घेत नसत, बाईमाणसाला अपशब्द बोलू देत नसत, दिलेला शब्द पाळत आणि पाळायला लावत. आजच्या कितीतरी पदवीधर समुपदेशकांत नसलेली एक गोष्टही त्यांच्याकडे होती : पुढे काय झालं याची चौकशी ते वर्षानुवर्षं करत. वडीलधाऱ्यांच्या बाजूनं जे म्हणता येईल ते सगळं मी मान्य करते. आणि तरीही म्हणते की हे काम त्यांचं नव्हतं.

पहिलं म्हणजे, काका त्या बैठकीत पक्षकार होते. बहीण माहेरी राहिली तर घराण्याची अब्रू जाते, आपल्या दोन मुलींची स्थळं अडतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कुठे पोचायचं ते बैठकीआधीच ठरलेलं होतं. प्रश्न एवढाच होता की तिथवर किती सन्मानानं जायचं. दुसरं, अनुभव. माणूस 40 वर्षं संसार करतो म्हणून त्याला संसार कळतो, असं आपण धरून चालतो. पण त्याला कळलेला असतो तो एकच संसार, तोही निम्मा, म्हणजे स्वतःच्या बाजूचा. 40 वर्षं दमा सोसलेल्या माणसाला आपण छातीचा डॉक्टर म्हणत नाही. तिसरं, फी शून्य होती हे साफ खोटं आहे. फी आत्यानं भरली, 31 वर्षं. ज्यानं भरली त्याला पावती मिळाली नाही एवढंच.

वडीलधारी असताना बाहेरच्या माणसाची गरज पडत नव्हती, हेही आपल्या इतिहासाला धरून नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यांना लोक आपल्या शय्यागृहातले प्रश्न लिहून पाठवत. वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर खटला झाला आणि 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ती पत्रं लिहिणाऱ्यांच्या घरांत एकत्र कुटुंबं होती, थोरले काका होते, आत्या-मावश्या होत्या. तरी लोक टपालानं एका परक्या माणसाला विचारत, कारण तो परका होता. त्याच्या सोप्यात आपली अब्रू टांगणीला लागलेली नव्हती.

इथे मला जो फरक करायचा आहे त्यासाठी दोन शब्द आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहेत. आपण भांडण 'मिटवतो' आणि गुंता 'सोडवतो'. डोळे मिटतात, ओठ मिटतात, पुस्तक मिटतं. जे उघडं होतं ते बंद करणं, हे मिटवण्याचं काम. सोडवण्यात मात्र हात घालून धागा कुठून कुठे गेलाय ते बघावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि गुंता मधेच वाढल्यासारखाही दिसतो. मिटवणाऱ्याला शांतता हवी असते. सोडवणाऱ्याला आधी आवाज ऐकायचा असतो. काका मिटवणारे होते. आपल्याकडचे बहुसंख्य समुपदेशक, भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं लावलेली असोत, मिटवणारेच असतात. त्या मुलीनं विचारायला हवा तो प्रश्न हा : समोरचा माणूस मिटवणारा आहे की सोडवणारा?

मिटवण्याला समाजात कायम जागा आहे, हे मी नाकारत नाही. बांधाचं भांडण, पाण्याच्या पाळीचं भांडण मिटवावंच. 2007 मध्ये राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा कोर्टकचेरीत पिचलेल्या गावांना तिचा उपयोग झाला. पण त्याच समित्यांपुढे नवरा-बायकोची भांडणंही आली, आणि मिटलेल्या तंट्यांवर गावाला बक्षीस होतं. बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळी घरं असतात. भांडण मिटलं की माणसं आपापल्या घरी जातात. नवरा-बायकोचं मिटलं की ती दोघं एकाच घरी जातात, आणि दार लागतं. त्या दारामागे काय उरलं याचा हिशेब बक्षिसात कसा धरणार?

आपल्या कायद्यातही हे दोन्ही स्वभाव शेजारी शेजारी नांदताना दिसतात. कुटुंब न्यायालयाचा कायदा 1984 चा. त्याचं नववं कलम न्यायालयाला सांगतं की खटल्याच्या स्वरूपाशी सुसंगत असेल तिथे आधी समेटाचा प्रयत्न करा. त्याच कायद्यामुळे न्यायालयात विवाह समुपदेशक आले. त्यांच्यात उत्तम माणसं आहेत, पण संस्थेचा कल समेटाकडे आहे. त्याच वर्षी मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथली समाजकार्यकर्ती बाईला आधी विचारते, तुला काय हवंय? आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली 2006 मध्ये जे नियम झाले, ते तर आणखी पुढे जातात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला समुपदेशनात आपल्या हिंसेचं समर्थन मांडू द्यायचं नाही, असं ते म्हणतात. "तिनं उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला" हे वाक्य तिथे चालत नाही. शिवाय दोघांपैकी कुणाचाही नातेवाईक, सगळ्यांनी लेखी हरकत सोडली नसेल तर, समुपदेशक म्हणून नेमता येत नाही. म्हणजे टाळ्या घेणाऱ्या त्या वाक्यातल्या थोरल्या काकांना नियमानंच दाराबाहेर ठेवलंय. हे नियम करणाऱ्यांना मिटवणं आणि सोडवणं यांतला फरक नीट कळला होता.

आता पात्रतेकडे येते. आपल्याकडे जोडप्यांच्या समुपदेशनाचा असा वेगळा परवाना नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याखाली चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल.चं प्रशिक्षण परंपरेनं धरलं जात आलंय. नोंदणी क्रमांक मागता येतो आणि मागावा. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलेले आणि समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेले बरेच जण हे काम चांगलं करतात. वर्तन-आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांना 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यानं छत्राखाली घेतलंय, पण पाटी लावण्यापूर्वी कुणी अडवतंय असा अनुभव सामान्य माणसाला अजून येत नाही. तीन दिवसांची कार्यशाळा केलेला माणूसही 'विवाह समुपदेशक' म्हणून बसतो. म्हणून पदवी पाहिलीच पाहिजे.

पण पदवीपाशी थांबू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे एम.डी. असते; ती नैराश्यात, व्यसनात अत्यावश्यक असते. तरी एका खोलीत दोन माणसांना सांभाळायचं शिक्षण त्यानं वेगळं घेतलंय का, हे विचारावं लागतं. एकाचं ऐकणं हे एक कौशल्य आहे. दोघांचं एकमेकांसमोर ऐकणं हे दुसरं. मी सुशिक्षित, नामांकित माणसांना जोडप्यासमोर अर्ध्या तासात न्यायाधीश झालेलं पाहिलंय. बोलका नवरा त्यांना पटतो, किंवा रडणारी बायको पटते. आणि जो गप्प आहे त्याचं काही म्हणणं नाही असं ते धरून चालतात.

भाषेचाही इथे मोठा भाग आहे. माणसं इंग्रजीत नोकरी करतात आणि मराठीत भांडतात. "आमच्यात कम्युनिकेशन नाही" असं म्हणणाऱ्या जोडप्याला मी विचारते, तो बोलत नाही, की बोलून दाखवतो? बोलणी बसतात, बोल लावला जातो, की अबोला आहे? ही सगळी वेगळी दुखणी आहेत. अबोला तर हातात धरायचं हत्यार आहे. तो कुणी धरला, कधी सोडला, मुलांमार्फत निरोप गेले का, यात अख्खा संसार दिसतो. ज्या बोलीत उणंदुणं निघतं ती बोली न कळणारा समुपदेशक कितीही शिकलेला असो, त्या दोघांसाठी तो अर्धाच पात्र आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. शहरात खासगी समुपदेशकाची एका भेटीची फी मला दिसते ती हजार-दीड हजारांपासून पुढे. आठ भेटी धरल्या तरी बारा हजार. दहा-पंधरा हजार पगारात घर चालवणाऱ्यांना हा आकडा थट्टेसारखा वाटतो, आणि वाटणारच. लग्नाच्या मांडवासाठी लाखांचं कर्ज काढणारा समाज त्या लग्नातल्या माणसांसाठी बारा हजार का काढत नाही, असं विचारायचा मोह होतो. पण तो प्रश्न चुकीचा आहे, कारण मांडवाच्या कर्जाखाली दबलेली असतात तीच ही दोघं. स्वस्त पर्याय आहेत. पोलीस यंत्रणेतले विशेष कक्ष फी घेत नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मोफत आहे. तिथे जोडप्याचे गुंते सुटणार नाहीत, पण पहिली वाट कळते. विद्यापीठांचे विभाग आणि धर्मादाय रुग्णालयं यांच्याकडे कमी फीत शिकाऊ समुपदेशक मिळू शकतात.

शिकाऊ म्हटलं की लोक नाक मुरडतात. इथेही आड येतात ते थोरले काकाच : पिकल्या केसांवर आपला भरवसा. माझं मत उलटं झालंय. ज्या शिकाऊ मुलीला दर आठवड्याला आपल्या शिक्षिकेसमोर बसून "काल मी त्या बाईचं वाक्य अर्धवट तोडलं" असं सांगावं लागतं, ती मला 30 वर्षं कुणालाच उत्तर न दिलेल्या नामवंतापेक्षा जास्त सुरक्षित वाटते. काकांना त्यांच्या बैठकीबद्दल कुणीच कधी विचारलं नाही. ज्याला कुणी विचारत नाही त्याला आपण काय ऐकलं नाही हे कधीच कळत नाही. म्हणून परवडणारा समुपदेशक शोधताना अनुभवाची वर्षं मोजण्यापेक्षा विचारावं, तुमच्या कामावर देखरेख कुणाची आहे?

आणि फी दर भेटीवर मोजू नये. मिटवणारा नेहमीच स्वस्त पडतो, तो एका भेटीत मोकळा होतो. आपण किती भेटींनंतर मागे वळून बघणार, तेव्हा काय बदललेलं दिसायला हवं, हे पहिल्याच दिवशी सांगणारा माणूस शेवटी कमी खर्चाचा ठरतो. अंत न सांगता महिनोन्‌महिने बोलावत राहणाऱ्याकडून, पदवी कोणतीही असो, उठून यावं.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न लोक माझ्याकडे मागतात. पूर्वी मी बरेच सांगायचे. घरात मारहाण असेल तर तुम्ही दोघांना एकत्र बसवता का? एकानं एकट्यानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून किती राखता? हे दोन अजूनही सांगते, कारण जिथे भीती आहे तिथे एका खोलीत खरं बोलणं होत नाही. घरी गेल्यावर त्या बोलण्याची किंमत वसूल होते. पण अलीकडे मी एकाच प्रश्नावर येऊन थांबते : "आम्ही दोघांनी विचार करून वेगळं व्हायचं ठरवलं, तर ते तुम्ही तुमचं अपयश मानाल का?"

समोरचा माणूस घाईनं म्हणाला, "अहो, असं अशुभ कशाला बोलता, आपण संसार वाचवूच," तर तो मिटवणारा आहे. त्याचं गाव आधीच ठरलेलं आहे. "तुमचं सुटायलाच हवं, मी सांगते," असं पहिल्या फोनवर म्हणणारीही मिटवणारीच. तिनं फक्त दुसरं गाव ठरवलंय. जो थोडा थांबतो आणि म्हणतो, "ते तुम्ही ठरवायचं, पण ठरवण्याआधी दोघांनी एकमेकांचं पूर्ण ऐकलेलं असेल एवढं मी बघेन," त्याच्याकडे जावं. सोडवणे आणि सोडचिठ्ठी यांत 'सोड' एकच आहे. गाठ सुटली की दोरा पुन्हा ओवता येतो, किंवा दोन दोरे वेगळे ठेवता येतात. बहुतेक जोडपी ओवतात, असा माझ्या बाकावरचा अनुभव आहे. पण ती ओवतात कारण वेगळं होण्याची वाटही त्यांच्यासमोर खरोखर उघडी होती.

त्या परिसंवादातून निघताना ती मुलगी मला जिन्यात भेटली. मी तिला एवढंच म्हटलं, की तुमच्यापैकी जो कमी बोलतो त्याच्याकडे लक्ष देणारा माणूस शोध. ती म्हणाली, "कमी मीच बोलते." तिच्या वहीवर मी आमच्या केंद्राचा पत्ता लिहून दिला. लिहिताना डोळ्यांपुढे तो सोपा होता आणि काकांचा अर्धा कप. "माझं काय म्हननं न्हाई" हे वाक्य ऐकून हातातला कप खाली ठेवणारा आणि तिथेच बसून राहणारा एक माणूस त्या दुपारी हवा होता. त्याची फी आम्हा कुणालाही जड झाली नसती.